‘निष्पाप’ या विशेषणाविरुद्ध

गेल्या १ डिसेंबरास आमच्या महाविद्यालयांत वक्तृत्वस्पर्धा झाली. जागतिक एड्स दिन १९८८ सालापासून पाळण्यांत येतो, आणि त्या निमित्तानें दरवर्षीं कांहीं तरी करावें असें परिपत्रक येतें. तें आलें म्हणून ही स्पर्धा. परीक्षकांत मी होतों. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनें एच. आय. व्ही.बाधित मुलांविषयीं फार परिणामकारक भाषण केलें. बोलतां बोलतां ती थांबली, तिनें सभागृहावरून एकवार दृष्टि फिरविली, आणि विचारिलें, “या निष्पाप बालकांनीं कोणता अपराध केला होता?” टाळ्यांचा कडकडाट झाला. मींही टाळ्या वाजविल्या आणि तिला सर्वांत अधिक गुण दिले. त्या टाळ्या मला परत घ्यावयाच्या आहेत. मुलीच्या वक्तृत्वाविषयीं माझी तक्रार नाहीं. तिनें वापरलेला शब्द आम्हींच तिला शिकविला आहे.

स्पर्धा आटोपल्यावर प्राध्यापकांच्या खोलींत चहा आला. चहा आणणाऱ्या मावशी आमच्याकडे पुष्कळ वर्षें आहेत. मंडळी पांगेपर्यंत त्या दाराशीं घोटाळल्या, आणि मग म्हणाल्या, “सर, पोरगी लई चांगली बोलली. पर एक इचारू का? पोरांचा अपराध न्हाई म्हनली ती. मग माज्या लेकीचा व्हता का?”

मीं काय उत्तर दिलें तें सांगण्यासारखें नाहीं; कारण मीं उत्तर दिलेंच नाहीं. पुढें हळूहळू हकीकत कळली. ती मी त्यांच्या संमतीनें, परंतु ओळख पटूं नये इतका फेरफार करून, येथें देत आहें. मावशींच्या लेकीचें लग्न अठराव्या वर्षीं झालें. जांवई मालमोटारीवर होता. तो आजारी पडून वारला, तेव्हां सासरच्यांनीं ‘आमच्या पोराला हिनेंच खाल्लें’ म्हणून तिला कडेवरच्या मुलासह घराबाहेर काढिलें. नवऱ्याच्या वांट्याच्या जमिनीचें नांवही तिला काढूं दिलें नाहीं. औषधें फुकट मिळत होतीं आणि तीं ती घेतही होती. परंतु एके दिवशीं इस्पितळांतील रांगेंत सासरच्या गांवचा एक माणूस दिसला, आणि तेव्हांपासून तिनें तिकडे जाणें सोडिलें. पुढें क्षय जडला व ती गेली. नातू आतां अकरा वर्षांचा आहे. जन्मापासून त्याच्या रक्तांत तोच विषाणु आहे. तो आजीपाशीं राहतो आणि रोज रात्रीं आठ वाजतां गोळी घेतो.

आतां त्या विशेषणाकडे पाहूं. व्याकरणांत विशेषण विशेष्याविषयीं बोलतें; व्यवहारांत तें पुष्कळदां विशेष्याच्या शेजाऱ्याविषयीं बोलत असतें. चार नोकर उभे असतांना धन्यानें एकाकडे बोट करून ‘हा मात्र प्रामाणिक आहे’ असें म्हटलें, तर उरलेले तिघे कां मान खालीं घालतात? हिंवतापानें फणफणलेल्या मुलास आपण कधीं ‘निष्पाप रुग्ण’ म्हणत नाहीं. ज्या रोगाच्या बाबतींत पापाची कल्पना आपण अगोदरच मनांत बाळगलेली असते, तेथेंच हें विशेषण सुचतें. मूल निष्पाप, म्हणजे ज्यांच्याकडून त्याला रोग आला तीं पापी. हा निकाल त्या एका शब्दांत लागून जातो, आणि आरोपीस बाजू मांडण्याची संधि मिळत नाहीं, कारण आरोपी बहुधा मेलेली असते.

विषाणूला पापपुण्य कळत नाहीं. आईकडून मुलाकडे तो गर्भावस्थेंत, प्रसूतींत किंवा स्तनपानांत जातो. कांहींच उपाय न केल्यास शंभरांतील १५ ते ४५ मुलांस तो जडतो. आईस वेळेवर औषध दिल्यास हें प्रमाण पांचाच्याही खालीं आणतां येतें. प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म औषध द्यावयाचें, हें धोरण आपल्या देशानें २०१४ सालीं स्वीकारिलें. मावशींचा नातू त्याच सुमारास जन्मला. परंतु त्याच्या आईची तपासणीच झाली नव्हती. अपराध कोणाचा हें शोधावयाचेंच असेल, तर तपासणी तिच्या दारापर्यंत कां पोंचली नाहीं हा प्रश्न प्रथम विचारावा लागेल. तो प्रश्न वक्तृत्वस्पर्धेंत कोणी विचारीत नाहीं, कारण त्याला टाळ्या पडत नाहींत.

कोणी म्हणतील, ‘पतिनिष्ठ स्त्रीला आम्ही दोष देतच नाहीं.’ पतीवांचून अन्य पुरुषाशीं संबंध नसलेल्या विवाहित स्त्रियांतही हा संसर्ग कसा शिरला होता, तें पुण्यांतील गुप्तरोगचिकित्सालयांत झालेल्या आणि १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. तें या लोकांच्या कानीं आलेलें असतें. परंतु हा बचाव मला पुरेसा वाटत नाहीं, आणि प्रामाणिकही वाटत नाहीं. तो मान्य केला म्हणजे निष्पापांच्या रांगेंत आणखी एकीला घेतलें, एवढेंच झालें. रांग कायमच राहिली. मग वेश्याव्यवसाय करणाऱ्या आईच्या मुलाचें काय? सांगलीकडे १९९६ सालीं ‘वेश्या अन्याय मुक्ति परिषद’ या नांवानें अशा स्त्रियांनीं स्वतःची संघटना उभारिली, आणि ज्या काळांत प्रतिष्ठितांच्या घरीं या रोगाचा उच्चारही होत नव्हता त्या काळांत आपल्या वस्तींत रोगप्रतिबंधाचें काम अंगावर घेतलें. त्यांची मुलेंही आपल्या आयांनाच ‘आई’ म्हणतात. आईचें चारित्र्य तपासून मग मुलावर दया करावयाची, ही दया नव्हे; ती परीक्षा आहे, आणि परीक्षकांच्या खुर्चीवर आपणांस कोणी बसविलें तें मला ठाऊक नाहीं.

मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों. इंग्लंडांत १८३४ सालीं दरिद्री लोकांविषयीं जो कायदा झाला, त्यानें साहाय्य मागणाऱ्या कुटुंबास श्रमगृहांत धाडण्याची व्यवस्था केली. तेथें नवरा, बायको व मुलें यांस वेगवेगळ्या दालनांत ठेवीत. दरिद्र्यांतही ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन वर्ग त्या समाजानें मानले होते. डिकन्सनें ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ लिहिली ती या व्यवस्थेच्या रागानें. ती कादंबरी मीं अनेक वर्षें वर्गांत शिकविली, त्या मुलाच्या भुकेवर व्याख्यानें दिलीं. परंतु मुलाला पात्र ठरवून त्याच्या माणसांस अपात्र ठरविणारी तीच रीति माझ्या शहरांत चालू आहे, हें चहाचा कप ठेवणाऱ्या एका बाईनें दाखवीपर्यंत मला दिसलें नाहीं.

हा केवळ शब्दाचा वाद नाहीं. जसा शब्द तशी देणगी. ज्याअर्थीं मूल निष्पाप आणि घर सदोष, त्याअर्थीं मुलास घरांतून उचलून एखाद्या आश्रमांत ठेवणें हेंच पुण्यकर्म, असें अनुमान सहज निघतें. आश्रमास देणगी दिली कीं पावती मिळते, भिंतीवर नांव लागतें, वाढदिवसास जाऊन जिलबी वाटतां येते. आमचे विद्यार्थीही सहलीस जावें तसे तेथें जातात, आणि मुलांस मध्यें बसवून छायाचित्रें काढतात. मावशींच्या घरीं जाऊन कोणी जिलबी वाटीत नाहीं. तेथें भिंत आहे, परंतु नांव लावण्याजोगी नाहीं.

आश्रमांविषयीं मी अन्यायानें बोलूं इच्छीत नाहीं. आपल्या देशांत हा संसर्ग १९८६ सालीं मद्रासेंत डॉ. सुनीती सोलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या पाहणींतून प्रथम उघडकीस आला, आणि सरकारी इस्पितळांतून फुकट औषध मिळूं लागलें तें १ एप्रिल २००४ पासून. मुलांकरितां स्वतंत्र योजना २००६ च्या अखेरीस आली. मधल्या अठरा वर्षांत जीं मुलें रस्त्यावर टाकलीं गेलीं, त्यांस ज्यांनीं उचलून घरांत घेतलें, त्यांच्यापुढें माझी मान लवते. औषधावांचून बाधित अर्भकांपैकीं निम्मीं दोन वर्षांच्या आंत मरतात. त्या काळांत प्रश्न होता तो मुलास सुखानें मरूं देण्याचा. आज तो प्रश्न उरलेला नाहीं. नियमानें औषध घेणारें मूल मोठें होतें, शिकतें, लग्न करतें. विषाणूचें प्रमाण तपासणींत न सांपडण्याइतकें खालीं राहिलें तर शरीरसंबंधांतून तो दुसऱ्यास जातही नाहीं. आज प्रश्न आहे तो मुलाच्या जगण्याचा, म्हणजे तें कोणाचें म्हणून जगणार याचा. ज्याला खरोखरच कोणी नाहीं त्यास आश्रम हवाच. परंतु ज्याला आजी आहे त्यालाही आश्रमांतच पाठवावें, असें म्हणणें म्हणजे आजीला मेलेली धरणें होय. बालकांविषयींचा २०१५ चा कायदाही संस्थेंत ठेवणें हा सर्वांत शेवटचा उपाय मानितो.

शिवाय, ही रीति महाराष्ट्राच्या उत्तम परंपरेची नव्हे. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह उघडलें, तेव्हां दार उघडलें तें केवळ अर्भकासाठीं नव्हे, गर्भवती विधवेसाठीं. ज्या स्त्रीस सारें शहर पापी म्हणत होतें, तिलाच त्यांनीं प्रथम आंत घेतलें. अशाच एका विधवेच्या मुलास त्यांनीं दत्तक घेतलें. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन या यशवंताच्याच दवाखान्यांत आणिलें, आणि त्याच सांथींत १० मार्च रोजीं त्या निवर्तल्या. मुलास पाठीवर घेण्यापूर्वीं त्यांनीं त्याच्या आईबापांच्या वर्तनाची चौकशी केल्याचें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो: आजी म्हातारी, अडाणी, औषधाची वेळ तिच्याच्यानें कशी सांभाळवेल? मावशींना घड्याळ नीट वाचतां येत नाहीं, हें खरें. त्यांच्या वस्तीजवळच्या कारखान्याचा भोंगा आठाला होतो. भोंगा झाला कीं ताटावरून उठून नातवाच्या हातावर गोळी. हंगाम संपून भोंगा बंद झाला, तेव्हां त्यांनीं शेजारणीच्या घरांतील दूरचित्रवाणीवरच्या आठच्या मालिकेचें गाणें धरिलें. पांच वर्षांत दोनच गोळ्या चुकल्या, आणि त्या कोणत्या दिवशीं हें त्या सांगतात. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्यांत किती चुकतात, तें मी सांगूं शकत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत या रोगानें मधली पिढी कापून नेली, तेव्हां लाखों नातवंडें वाढविलीं तीं अशाच आज्यांनीं. जगांत या रोगानें पोरक्या झालेल्या मुलांचा बहुतेक सारा भार आप्तांनींच उचलला आहे. संस्थांनीं उचलला तो त्यामानानें थोडा.

मग आजीला अडतें काय? अडतें तें फार किरकोळ गोष्टींवर, आणि म्हणूनच तें कोणाच्या भाषणांत येत नाहीं. मुलाचें वजन वाढतें तसें औषधाचें मान बदलावें लागतें, म्हणून त्याला केंद्रावर न्यावें लागतें. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि शाळाही बुडते. एस. टी.च्या साध्या गाडींतून अशा रुग्णांस फुकट प्रवासाची सवलत आहे. परंतु ती घ्यावयाची तर भरल्या गाडींत वाहकास कार्ड दाखवावें लागतें, आणि शेजारच्या बांकावर गांवचें कोणी बसलें असेल तर रोगाची दवंडीच पिटली जाते. म्हणून मावशी तिकीट काढितात. बालसंगोपन योजनेंतून अशा मुलास अनुदान मिळूं शकतें. २०२३ पासून तें दरमहा २२५० रुपये आहे. परंतु त्यास आईबापांच्या मृत्यूचे दाखले हवेत, उत्पन्नाचा दाखला हवा, रहिवासाचा हवा, बँकेचें खातें हवें. बापाच्या मृत्यूचा दाखला सासरच्या गांवीं, आणि सासरचीं माणसें दारांत उभें करीत नाहींत. एका दाखल्यासाठीं त्या तालुक्यास चार वेळां जाऊन आल्या. ज्या राज्यांत देशांतील सर्वाधिक बाधित लोक राहतात—२०२१ च्या राष्ट्रीय अंदाजाप्रमाणें देशांतील सुमारें २४ लाखांपैकीं ३ लाख ९४ हजार—तेथें असे खेटे घालणाऱ्या आज्या किती असतील याचा विचार वाचकांनींच करावा.

कायद्याचें म्हणाल तर तो चांगला आहे. २०१७ सालीं संसदेनें संमत केलेला व १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आलेला एच. आय. व्ही. व एड्सविषयींचा अधिनियम शाळा, नोकरी, इस्पितळ, भाड्याचें घर यांत भेदभाव करण्यास मनाई करितो, रोगाची वार्ता संमतीवांचून फोडण्यास बंदी करितो, बाधित मुलांच्या मालमत्तेच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकितो. इतकेंच नव्हे, तर बारा वर्षांवरील समजूतदार भावंडास धाकट्या भावंडाचा पालक म्हणून शाळाप्रवेश, बँकखातें, औषधोपचार यांकरितां मान्यता देतो. हें शेवटचें कलम ज्यानें लिहिलें त्यानें अशा घरांत डोकावून पाहिलें असलें पाहिजे. परंतु हें कलम माहीत असलेला एकही मुख्याध्यापक मला अद्याप भेटलेला नाहीं.

दुसऱ्यास नांवें ठेवण्यापूर्वीं माझें स्वतःचें सांगतों. हा कायदा अंमलांत येऊन वर्ष लोटलें होतें. मी एका शाळेच्या समितीवर होतों. एका मुलीचा मामा तिला पांचवींत घालण्यास आला, आणि भोळेपणानें त्यानें तिच्या औषधाची हकीकत सांगितली. लातूर जिल्ह्यांतील एका गांवीं २००९ सालीं अशीं मुलें शाळेंत आल्यावर इतर पालकांनीं आपलीं मुलें पाठविणें बंद केलें होतें. तें कोणा सभासदास आठवलें. शेजारीं बसल्यानें, एका डब्यांत जेवल्यानें, खेळल्यानें हा रोग होत नाहीं, हें समितींत प्रत्येकास ठाऊक होतें. तरी ठरलें असें कीं, ‘मुलीच्याच हितासाठीं’ तिला तिच्यासारख्यांच्या आश्रमांत पाठविण्याचा सल्ला द्यावा. मीं विरोध केला नाहीं. उलट ‘बिचारी निष्पाप पोर’ असे उद्गार काढल्याचें मला स्मरतें. त्या एका शब्दानें माझें मन हलकें झालें, आणि मुलीस मात्र मामाचें घर सोडावें लागलें. दार लावतांना आवाज होऊं नये म्हणून त्याच्या बिजागरीस जें तेल घालतात, तें काम हें विशेषण करीत असतें.

आणखी एक विचार करावा. हीं मुलें आतां मरत नाहींत. तीं वाचावयास शिकतात. शाळेच्या वयाच्या मुलास त्याच्या समजुतीप्रमाणें रोगाची खरी माहिती द्यावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालींच सांगून ठेवलें आहे. मावशींनीं नातवास ‘ही ताकदीची गोळी’ म्हणून सांगितलें आहे. तो ती फार दिवस मानील असें दिसत नाहीं. उद्यां तो चौदा वर्षांचा होईल, आपल्या गोळीचें नांव कोठें तरी वाचील, आणि पाठोपाठ आमच्या सभांचे वृत्तांतही वाचील. त्यांत त्याला आढळेल कीं आपण निष्पाप आहों. मग आपली आई कोण होती, हा प्रश्न त्याला पडल्यावांचून राहील काय? मुलाच्या हातीं गोळी द्यावयाची आणि त्याच हातांतून आईची आठवण काढून घ्यावयाची, हा कसला उपकार?

म्हणून माझें म्हणणें थोडक्यांत असें. मुलास साहाय्य करावयाचें तर तें त्याच्या माणसांसह करावें. अनुदानाचे दाखले गोळा करण्याचें काम म्हातारीकडे न सोपवितां औषधकेंद्रावरच तें करणारा माणूस बसवावा. एस. टी.ची सवलत अशा कार्डावर द्यावी कीं ज्यावरून रोगाचें नांव कळणार नाहीं. स्त्रियांस व मुलांस जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न घालतां फुकट वकील मिळतो, ही गोष्ट प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावी. देणगी देणाऱ्या सज्जनांनीं एक वर्ष आश्रमाऐवजीं दहा आज्यांच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब चुकता करून पाहावा; नांवाची पाटी लागणार नाहीं, हें मात्र आधींच समजून असावें. आणि आम्ही प्राध्यापकांनीं विद्यार्थ्यांस एवढें तरी शिकवावें कीं दुःखितांचे दोन वर्ग पाडून त्यांतील एकावर रडणें यास सहानुभूति म्हणत नाहींत.

आमच्या महाविद्यालयापुरतें मीं एक केलें आहे. यंदाच्या स्पर्धेच्या विषयपत्रिकेंत पुन्हां तो शब्द आला होता. तो मीं खोडिला. त्या दिवशीं मावशींना थांबवून सांगितलें, “मावशी, तुम्हीं गेल्या साली विचारलं होतं त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. नव्हता. तुमच्या लेकीचा काही अपराध नव्हता.” त्या म्हणाल्या, “ते मला म्हाईत हाय सर. तुमाला म्हाईत हाय का, ते इचारलं व्हतं.” मग आम्ही दोघे जमिनीचे कागद घेऊन प्राधिकरणाच्या कचेरींत गेलों. अर्ज दाखल झाला आहे. तारीख अद्याप लागलेली नाहीं.